बॉल वाटून खेळायला शिकवताना: मालवणकडच्या अर्ध्या कोर्टावरून

ओरोसला सतरा वर्षांखालच्या मुलांचा बास्केटबॉलचा सामना होता. मध्यंतरापर्यंत आम्ही नऊ गुणांनी पुढे, आणि त्यातले बहुतेक गुण एकाच पोराचे. मध्यंतरानंतर समोरच्या सरांनी फार डोकं लावलं नाही, त्याच्या अंगावर दोन पोरं सोडली. आमचे बाकीचे चौघे कंबरेवर हात ठेवून बघत राहिले, कारण वर्षभर त्यांनी तेच केलं होतं. हरलो. परतीच्या एस.टी.त मागच्या सीटवरून आवाज आला, "सर, तो माका बॉल देणाच नाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण कट्टा गाव येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की चूक त्या पोराची नाही, माझी आहे. पास कसा द्यायचा हे मी सगळ्यांना शिकवलं होतं. का द्यायचा आणि दिल्यावर काय करायचं, हे कुणालाच नाही.

त्यानंतरच्या दोन हंगामांत जे करून बघितलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. उघडं सिमेंटचं कोर्ट, दहा-बारा पोरं आणि दोन-तीन बॉल एवढंच ज्यांचं भांडवल, अशा शिक्षकांसाठी आणि गावातल्या दादा-ताईंसाठी.

आधी कारण समजून घ्या

कोर्ट १५ मीटर रुंद असतं. एका विंगवरून, म्हणजे कोर्टाच्या एका कडेच्या बाजूवरून, दुसऱ्या विंगवर जोरात फेकलेला पास क्षणात पोचतो. तेवढ्या वेळात बचावपटूला आधी बघायचं असतं, मग वळायचं असतं, मग पळायचं असतं. म्हणजे बॉल आधी, माणूस नंतर. एका पासने हा फरक दिसत नाही. बचाव एक पाऊल मागे पडतो आणि सावरतो. पण तो सावरायच्या आत दुसरा पास गेला, मग तिसरा गेला, की त्याच्यावर उसनं चढत जातं. ते फेडता फेडता कुठेतरी एक माणूस मोकळा सुटतो. सगळं आक्रमण त्या एका माणसासाठी असतं.

डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफिल्डला जे तेरा नियम लिहिले, त्यांत बॉल घेऊन पळायला मुभाच नव्हती. जिथे हातात आला तिथूनच तो फेकायचा. ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढे नेणं, नंतर आलं. आमच्या पोरांना हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "मग सर, ते लोक खेळायचे कसे?" सरावाचा पहिला खेळ त्यातूनच निघाला. त्याबद्दल पुढे.

पहिला आठवडा: शिकवू नका, मोजा

जखमी पोरगा, शाळेच्या परीक्षेमुळे सुट्टीवर असलेली ताई, कुणीही चालेल. त्यांच्या हातात वही द्या. बॉल आपल्याकडे आल्यापासून सुटेपर्यंत एक खेप. अशा वीस खेपा लिहायच्या, प्रत्येक खेपेपुढे तीन रकाने. बॉल कोर्टाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेला का? रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात तो शिरला का, पासने असो वा ड्रिबलने? आणि कुणी बॉल धरून 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणेपर्यंत नुसतं उभं राहिलं का?

आमच्या पहिल्या वहीत पहिले दोन रकाने जवळपास कोरे होते आणि तिसरा भरलेला. पोरांना ती वही दाखवली. भाषण द्यावं लागलं नाही.

पासची नुसती संख्या मात्र मोजू नका. मला माहीत आहे, तिच्या बाजूने मोठा दाखला आहे. २०१४ मध्ये स्टीव्ह कर गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक झाले तेव्हा तो संघ पासच्या बाबतीत एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, तळाला होता. त्यांनी सामन्याला ३०० पासचं लक्ष्य ठेवलं आणि त्याच हंगामात संघ ६७ सामने जिंकून विजेता झाला, १९७५ नंतर पहिल्यांदा. पण २०१७-१८ चं ह्यूस्टन रॉकेट्स बघा. जेम्स हार्डन समोरच्याला एकटा भिडायचा, पास मोजकेच, आणि तरी ६५ विजय. कारण त्याच्या प्रत्येक घुसण्याने बचाव फाटायचा आणि कडेला उभे असलेले नेमबाज मोकळे सुटायचे. बचाव हलला की नाही, एवढंच खरं. आमच्याकडे संख्या मोजायला लागलो तेव्हा पोरं तीन-पॉइंट रेषेबाहेर (जिथून बास्केटला तीन गुण मिळतात) उभी राहून एकमेकांना बॉल देत बसली. बारा पास झाले आणि समोरचा एक माणूस जागचा हलला नाही. तो पास नव्हे, टाइमपास.

उभं कुठे राहायचं

बॉल फिरायला आधी जागा लागते. पाच चपला घ्या. एक रिंगसमोर मधोमध, दोन डाव्या-उजव्या विंगला, दोन कोपऱ्यांत. दोन चपलांमध्ये चार ते पाच मीटर अंतर. आंतरराष्ट्रीय मापाने तीन-पॉइंट रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर असते, कोपऱ्यात ६.६० मीटरवर, आणि तिथे ती कडेच्या रेषेपासून फक्त ९० सेंटिमीटर आत असते. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याला त्या चिंचोळ्या पट्टीत दोन्ही पाय मावतात का हे आधी बघायला लावा. आमचा एक जण सामन्यात तीनदा बाहेर पाय टाकून बॉल घालवून आला होता.

लहान पोरांसाठी चपला मीटरभर आत घ्या. पल्ला पोचत नसेल तर रेषेचा हट्ट नको.

नियम एकच: आपल्या दोघांना समोरचा एक माणूस सांभाळू शकेल इतक्या जवळ कधी उभं राहायचं नाही. पोरांची ओढ बॉलकडे असते. तांदूळ टाकले की कोंबड्या जमतात तशी ती बॉलभोवती जमतात. चपला महिनाभर तशाच ठेवा.

बॉल घेणाऱ्यापासून सुरुवात

पास चुकला की आपण देणाऱ्यावर ओरडतो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चूक घेणाऱ्याची असते. तो टाचांवर उभा असतो, हात मांडीवर, नजर रिंगकडे. त्याला तीन सवयी लावा. गुडघे वाकलेले ठेवायचे. बचावपटूपासून दूरचा हात पंजा उघडून दाखवायचा, म्हणजे 'इथे दे'. आणि बॉल येताना त्याच्याकडे एक पाऊल टाकायचं. जागेवर उभं राहून वाट बघणाऱ्याचा बॉल मधल्या मधे कापला जातो.

बॉल हातात आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं: शॉट, पास की घुसायचं. हा अर्ध्या सेकंदाचा धडा सॅन अँटोनिओ स्पर्स या एनबीए संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांचा. २०१३ ची अंतिम मालिका तो संघ मायामी हीटविरुद्ध सातव्या सामन्यात हरला. पुढच्या वर्षी त्याच हीटला त्यांनी ४-१ ने हरवलं. तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात तर त्यांनी ७१ गुण केले आणि ७५.८ टक्के शॉट आत घातले, अंतिम मालिकेतला तो विक्रम ठरला. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: २०१३-१४ च्या साखळी हंगामात त्या संघातला एकही खेळाडू ४८ मिनिटांच्या सामन्यात सरासरी ३० मिनिटं खेळला नाही, आणि सगळ्यांत जास्त गुण करणाऱ्या टोनी पार्करची सरासरी १६.७ होती. तरी त्यांनी ६२ सामने जिंकले. पार्करच्या सरासरीएवढे गुण आमच्या पोराने मध्यंतरापर्यंतच केले होते, आणि आम्ही हरलो होतो.

अर्धा सेकंद आमच्या पोरांना जमत नाही. मी एक सेकंद देतो. फरक इतकाच पडायला हवा की बॉल हातात आल्यावर विचार सुरू व्हायला नको. तो येत असतानाच व्हायला हवा.

आपल्या हवेतले पास

इथे जरा रेंगाळतो, कारण आतल्या गुळगुळीत लाकडी कोर्टासाठी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे चालत नाहीत.

दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. डोक्यावरून फेकलेला लांब पास वाऱ्याच्या तोंडावर गेला की अलीकडेच पडतो, वाऱ्याच्या पाठीवर गेला की घेणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून लांब पास सकाळीही करून घ्या आणि चार वाजताही. दोन्ही बाजूंनी. सामन्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून बघायची सवय लावली तर पोरं हसतात, पण बघतात.

टप्पा पास देणाऱ्या-घेणाऱ्यामधल्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर पडला पाहिजे, म्हणजे तो कमरेच्या उंचीला येतो. पण सिमेंट उखडलेलं असेल तर टप्पा कुठेही उडतो. आपल्या कोर्टावरचे खड्डे खडूने गोल करून ठेवा आणि तेवढी जागा टाळायला शिकवा. दुसऱ्यांच्या मैदानावर गेलात तर गरम होताना एकाला मुद्दाम कोर्टभर बॉल आपटत फिरवा.

पावसाळ्यात बॉल ओला, हात ओले, कोर्टावर शेवाळ. जूनमध्ये मी मैदानावरचा सराव बंदच करतो. ओल्या शेवाळावर पाय मुरगळण्यापेक्षा चार महिने भिंत बरी. शाळेच्या पडवीत भिंतीवर खडूचा चौकोन काढायचा, तीन मीटरवर उभं राहायचं, तीस सेकंदांत किती पास चौकोनात लागतात ते मोजायचं. मग डाव्या हाताने. जांभ्याची उघडी भिंत असेल तर नको, बॉलची साल निघते. गिलावा केलेली बघा.

आणि एक खोड सगळ्यांना लावा: वर पास द्यायचा असेल तर आधी खाली दाखवा, खाली द्यायचा असेल तर वर. समोरच्याचे हात हलले की वाट मोकळी.

पास दिला, आता पळ

हा लेखाचा गाभा आहे. पास देऊन तिथेच उभा राहणारा खेळाडू बचावाला सुट्टी देतो. त्याला सांभाळणारा मोकळा होऊन दुसऱ्याच्या मदतीला जातो. म्हणून पास दिला की रिंगकडे कापायचं, म्हणजे बचावातून सरळ धावायचं, हात वर करून, बॉलकडे बघत.

चपलांवर हे असं बसवा. मधला उजव्या विंगला पास देतो आणि सरळ रिंगकडे कापतो. डावा विंग त्याच्या जागी मधे येतो. डावा कोपरा विंगवर सरकतो. कापणाऱ्याला बॉल मिळाला तर लेअप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट; नाही मिळाला तर तो रिंगखालून निघून रिकाम्या डाव्या कोपऱ्यात जातो. पुन्हा पाचही चपलांवर माणूस. आता उजवा विंग मधल्याला बॉल परत देतो आणि स्वतः कापतो. चक्र चालू.

पहिले तीन दिवस बचाव न ठेवता चालत करून घ्या. चौथ्या दिवशी पळत. मग बचाव ठेवा, पण हात पाठीमागे बांधलेला. खरा बचाव दुसऱ्या आठवड्यात. घाई केलीत तर पोरं आकृती पाठ करतात आणि समोरचा माणूस बघायचं विसरतात.

बचावपटू पास अडवायला पुढे येऊन उभा राहिला तर? मग त्याच्या पाठीमागून कापायचं. खूण ठरवा, आमच्याकडे मूठ दाखवली की मागून. या एका चालीवर प्रिन्सटन विद्यापीठाचा संघ प्रसिद्ध झाला. पीट कॅरिल त्यांचे प्रशिक्षक. १९९६ च्या एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धेत त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३-४१ ने हरवलं आणि शेवटचा निर्णायक बास्केट अशाच पाठीमागच्या कटवर आला. उंची कमी, उडी कमी, पण डोकं शाबूत असलेल्या संघाची ही चाल आहे. म्हणजे आपली.

सरावाचा तो खेळ आता. पाच विरुद्ध पाच, ड्रिबल बंद. कुणी ड्रिबल केलं की बॉल समोरच्यांना. पहिल्या दिवशी रड, दुसऱ्या दिवशी भांडण, आठव्या दिवशी पोरं बॉल नसताना पळू लागतात. कारण पर्यायच नसतो. मी याला 'नेस्मिथ' म्हणतो, पोरं 'नेसमिठ' म्हणतात.

आत, बाहेर, आणि एक अजून

बाहेरच्या बाहेर फिरणारा बॉल बचावाला फक्त कूस बदलायला लावतो. बॉल रिंगखालच्या पट्ट्यात शिरला की मात्र पाचही बचावपटूंची मान आत वळते आणि एक-दोन पावलं आत पडतात. त्या क्षणी बाहेर पास द्यायचा. आता बाहेरच्या बचावपटूला लांबून धावत यावं लागतं. धावत आलेल्या माणसाला थांबता येत नाही. घेणाऱ्याला शॉट मोकळा असेल तर घे. नसेल तर शेजारच्याला लगेच एक अजून पास. त्याच्याकडे तर कुणीच नसतं.

चार विरुद्ध चार खेळवा आणि गुण बदला. आत शिरून बाहेर आलेल्या बॉलवरचा बास्केट तीन गुण, बाकी कुठलाही एक. जो पास देऊन बास्केट झाला त्याच्या आधीचा पास देणाऱ्याचं नाव मी मोठ्याने घेतो. वहीतही लिहितो. त्याची नोंद कुठल्याच गुणफलकावर नसते, पण बचाव खरा त्यानेच फोडलेला असतो.

शालेय सामन्यांत बहुतेक संघ २-३ झोन लावून बसतात, म्हणजे माणूस नाही, जागा सांभाळतात. पुढे दोघे, मागे तिघे. त्यावर कापाकापी कमी चालते. तिथे एक माणूस फ्री थ्रो रेषेच्या मधोमध ठेवा, दोघा पुढच्यांच्या पाठीमागच्या पोकळीत. त्याला बॉल मिळाला की झोन आक्रसतो. त्याने वळून आधी रिंग बघायची, मग पलीकडचा कोपरा. बाकीच्यांनी बचावपटूंच्या समोर नाही, दोघांच्या मधल्या फटीत उभं राहायचं, म्हणजे 'हा माझा की तुझा' असा घोळ होतो. आणि तीन सेकंदांचा नियम विसरू नका: आक्रमणातल्या कुणालाही रंगवलेल्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. मधला पोरगा खुशीत तिथेच मुक्काम करतो.

पोरांची मनं

खरं काम इथे आहे आणि याचा तक्ता निघत नाही.

ज्याला चार-पाच खेपा बॉल मिळत नाही तो पाचव्या खेपेला परत बचावाला पळत नाही. त्याला दमलाय म्हणून ओरडू नका. त्याचं लक्ष गेलेलं असतं. बॉलला हात लागला की तेच पोरगं दुप्पट पळतं, हे मी वहीत लिहून तपासलं आहे.

आणि ज्याच्याकडे बॉल जातो त्याला शत्रू करू नका. आमच्या त्या पोराला मी बाजूला घेतलं, रापणीची आठवण दिली. त्याचे आजोबा रापणीला जायचे. होडी जाळं टाकून अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं मिळून ओढतात. एक बाजू जोरात ओढली आणि दुसरी ढिली पडली तर जाळं तिरकं येतं, मासळी निसटते. तो म्हणाला, "पण सर, त्यांका शॉट लागत नाय." खरं होतं. म्हणून त्याच्यावर काम सोपवलं: सरावानंतर रोज कोपऱ्यातल्या दोघांकडून पंचवीस-पंचवीस शॉट मारून घ्यायचे, बॉल उचलून द्यायचा त्यानेच. महिन्याने तो त्यांना आपणहून पास देऊ लागला. त्यांच्या शॉटमध्ये आता त्याचीही मेहनत होती.

उलटाही रोग होतो. सगळे इतके शहाणे होतात की मोकळा शॉट कुणी घेतच नाही. 'तू घे, तू घे' करत बॉल हातचा जातो. मोकळा शॉट न घेणं हाही बॉल अडवून ठेवण्याचाच प्रकार आहे. आमच्याकडे त्याला शिक्षा म्हणून कोर्टाला एक फेरी. आणि शॉट घ्यायला २४ सेकंद मोजणारं घड्याळ नसलं तरी बाहेरून कुणीतरी २४ पासून उलटे आकडे मोठ्याने म्हणत राहा. स्थानिक सामन्यांत ते नसतं म्हणून पोरं सुस्तावतात, आणि वरच्या स्पर्धेत घड्याळ दिसलं की गडबडतात.

अर्धंच कोर्ट असेल तर

आमचं तसंच आहे. दुसरी रिंग खाऱ्या हवेने गंजून दोन वर्षांपूर्वी उतरवली, ती अजून स्टोअरमध्ये आहे. मग तिघा-तिघांचा खेळ खेळा. तो आता ऑलिंपिकमध्येही आहे, टोकियोपासून. शॉटला १२ सेकंद, सामना १० मिनिटं किंवा २१ गुण. समोरच्यांनी बास्केट केला की बॉल आधी तीन-पॉइंट रेषेच्या कमानीबाहेर न्यायचा. तीनच माणसं असल्यामुळे पास देऊन उभं राहणारा लपत नाही, हा मोठा फायदा.

गणपतीत चाकरमानी पोरं येतात. त्यांतले दोघे मुंबईत नागपाड्याकडे खेळलेले, हात भारी, ड्रिबल असा की आमची पोरं बघत राहतात. पाऊस उघडला की संध्याकाळी शेवाळ खरवडून, ब्लीचिंग पावडर मारून कोर्ट खेळण्याजोगं करायचं, आणि मुंबईकर विरुद्ध गाववाले. पहिल्या दिवशी दोन सामने त्यांनी आरामात घेतले. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांत बुटक्याने मूठ दाखवली, पाठीमागून कापला आणि लेअप. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा पलीकडच्या बाजूने. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी त्या दोघांतला मोठा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, ती मूठ कसली खूण आहे?" मी त्याला पाच चपला गोळा करायला सांगितलं.